तीन घावांची कुदळ

एक नारळ. तो फुटत नाही.

उल्हासनगर, कॅम्प चार. बंद खोली, आम्लाचा वास, तारेला उलटी टांगलेली मी.

कोपरापर्यंत जांभळे झालेले दोन हात.

सिमेंटचे करडे पाइप. एका टोकाला एका मुलीचे तोंड, दुसऱ्या टोकाला दुसरीचा कान. "हॅलो, पानी आलं का?" "नाय आलं. राँग नंबर!"

"साहेब, वर बघा. कुदळीकडे नको, कॅमेऱ्याकडे."

लाल मखमल.

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे आणि वरचे सगळे तुकडे माझ्याच आयुष्यातले आहेत. ते मी नीट ओळीने मांडायला हवे होते. पण माझे अर्धे आयुष्य तीन घाव मारून थांबण्यात गेले. जरा काम सुरू झाले की टाळ्या पडत आणि मला उचलून पुसून ठेवत. त्यामुळे एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेण्याची माझी सवय मोडली आहे. तरी प्रयत्न करते. मध्येच कुणी टाळ्या वाजवू नका.

पहिला घाव

बदलापूरच्या बाजारामागे एका लोहाराची भट्टी होती. तिथे ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून मी घडले. करंजवाडीच्या रघूने मला विकत घेतले. करंजवाडी म्हणजे बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेली थोडीशी घरे. रघूच्या शेताचे बांध मी घातले, पाट काढले, करवंदीची मुळे उपटली. काम झाले की त्याची बायको अंजनी मला धुऊन भिंतीला टेकवून ठेवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ती मला हळदकुंकू लावी आणि म्हणे, "आज तुला सुट्टी, बाय. उद्या कामाला यायचं."

एवढी पूजा पुरे होती. मला आणखी नको होती.

भातावर घर चालेना, तेव्हा रघू अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात लागला. पाळी संपवून तो घरी येई तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे असत. कधी हिरवे, कधी पिवळे. वाडीतली पोरे त्याच्या हातावरून कारखान्यात काय चालले आहे ते ओळखत. हसण्यासारखे होते, पण फार दिवस नाही. रंग कातडीत बसू लागला. आधी खाज, मग भेगा, मग साल निघू लागली. डॉक्टर म्हणाले, "मलम देतो, पण खरे औषध पाणी. रोज घरी गेल्यागेल्या भरपूर पाण्याने धुवा."

अंजनी म्हणाली, "डॉक्टर, मग पानी पन लिहून द्या औषधात. दुकानात मिलंल तरी."

वाडीत पाणी नव्हते, जुनी विहीर आटली होती. वाडीच्या खालच्या अंगाने कारखान्यांकडे जाणारी एक जाडजूड नळवाहिनी होती. तिच्या एका जोडाला गळती होती. त्या गळतीखाली अंजनी हंडा लावी. एक हंडा भरेपर्यंत दुसरी बाई भांडायला उभी राही. त्या पाण्यात स्वयंपाक, पिणे, गुरे आणि उरले तर रघूचे हात.

आता दौलतरावांबद्दल सांगते. दौलतराव खालच्या गावातले. ना श्रीमंत, ना देखणे. पण बोलू लागले की समोरचा माणूस जेवण विसरे. १९८४ साली ते साधे पंचायत सदस्य होते. निवडणूक जवळ आली, तेव्हा त्यांनी जाहीर केले, "करंजवाडीत नळ आणतो." गावच्या टेकाडावर टाकी बांधायची आणि तिथून वाडीपर्यंत चर खणून पाइप टाकायचा. अंतर हाकेचे. भूमिपूजनाचा दिवस ठरला. ब्राह्मण आला, नारळ आला, पेढे आले. कुदळ आणायला सगळे विसरले.

"अंजनीताई, तुमची द्या जरा," दौलतराव म्हणाले.

अंजनीने मला दिले. दौलतरावांनी वाडीच्या देवळापाशी तीन घाव मारले. टाळ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात ते निवडून आले आणि सरपंच झाले.

मी वाट पाहत होते. चर खणायचा म्हणजे मला काम होते. पण दौलतराव आले ते मला न्यायला.

"ताई, ही कुदळ मला द्या. हिचा गुण आहे."

"तुमी कुदल नेल्यावर चर कशानं खनायचा, भाऊ?"

"चर ठेकेदार खणेल. मशीन येईल मशीन! तुम्ही हात लावायचा नाही. सरकारी काम आहे."

दुसरा घाव

मित्रांनो, तुम्ही कधी कुदळीला क्रोम चढवलेले पाहिले आहे का? मीही पाहिले नव्हते.

दौलतरावांचे चिटणीस गुरुदत्त मला घेऊन उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेले. तिथे हासानंद शेठचा मुलामा देण्याचा छोटा कारखाना होता. नळाच्या तोट्या, सायकलचे हँडल, खुर्च्यांचे पाय असे सगळे तिथे चकचकीत होऊन बाहेर पडे. हासानंद शेठने मला उलटसुलट करून पाहिले.

"साईं, ये तो खोदने का माल है. ह्याच्यावर क्रोम मारला ना, तर पहिल्या दगडाला पापडासारखा निकलेल."

"दगडाला लागणारच नाही, शेठ. ही फक्त पूजेची."

"मग लाकडाची बनवा ना! उचलायला पण हलकी."

त्या सबंध व्यवहारात शहाणपणाचे बोलणारा तो एकटाच माणूस. त्याचे कुणी ऐकले नाही. मला आम्लात बुडवले, घासले, तारेला टांगले. बाहेर आले तेव्हा माझ्यात लोकांची तोंडे दिसत होती. दांड्याला लाल मखमल गुंडाळली. दौलतरावांच्या कचेरीत काचेचे कपाट होते. त्यात मला ठेवले आणि वर लिंबू-मिरची टांगली.

दौलतरावांनी एक नियम केला. "ही पुजलेली कुदळ आहे. हिला कामाला लावलं तर गुण उतरेल."

खंडेनवमीची सुट्टी एका दिवसाची असते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. माझी खंडेनवमी दहा वर्षे चालली.

यात माझी कारकीर्द झाली आणि त्यांचीही. अंबरनाथला कामगार भवनासाठी तीन घाव. बदलापूरला व्यायामशाळेसाठी तीन घाव. चिखलोलीकडच्या रस्त्यासाठी तीन, त्याच रस्त्याच्या रुंदीकरणासाठी पुन्हा तीन, रस्ता अजून झालेला नसताना. कॅम्प चारमध्ये एका सार्वजनिक मुतारीसाठी बँड लावून तीन घाव. पहिला घाव देवासाठी. दुसरा फोटोसाठी. तिसरा शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्यासाठी, कारण दुसऱ्या घावाच्या फोटोत तो आलेला नसे.

आणि माती? मातीसुद्धा खरी नसे हो! आदल्या दिवशी कार्यकर्ते साध्या कुदळीने ती जागा खणत, खडे वेचत, वर मऊ वाळू भरत, म्हणजे साहेबांच्या मनगटाला झटका बसू नये. त्या साध्या कुदळी घामाघूम होऊन बाजूला पडलेल्या असत. मी मोटारीतून उतरे. त्या माझ्याकडे कशा बघत असतील, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

दुसरा घाव, पुन्हा (फोटोत साहेबांचे डोळे मिटले होते)

१९९२ साली दौलतराव जिल्हा परिषदेला उभे राहिले. गुणाची जागा म्हणून पुन्हा करंजवाडी. पुन्हा तेच देऊळ, तोच नारळ, तेच तीन घाव.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या वेळेपर्यंत टाकी खरोखर उभी राहिली होती आणि तिच्यात पाणीही चढत होते. खालच्या गावाला नळ मिळाले. वाडीसाठी सिमेंटचे पाइप एका ट्रकमधून आले आणि देवळामागे रचले गेले. टाकी तयार, पाइप तयार. मधला चर तेवढा नव्हता.

रघू त्या दिवशी समारंभाला आला होता. त्याने हात सदऱ्याच्या बाह्यांत लपवले होते. बोटांच्या पेरांची साल निघून आतले लाल दिसत होते. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला सांगितले होते की हात असेच राहिले तर कामावर येऊ नको, बाकीचे घाबरतात. म्हणजे पाणी नाही म्हणून हात नाहीत आणि हात नाहीत म्हणून नोकरी नाही, अशी पाळी येऊ घातली होती.

"भाऊ," तो म्हणाला, "आमीच खनतो चर. चार दिवसांचं काम नाय."

"अरे, हात लावू नका रे बाबांनो!" दौलतराव कळवळून म्हणाले. "तुम्ही खणलंत तर ठेकेदार म्हणेल काम झालंय, फाइल बंद. मग दुरुस्ती कोण करणार? धीर धरा. मशीन येतंय."

लोकांनी धीर धरला. आपल्याकडे लोक धीर फार धरतात. मला तिथेच ओरडावेसे वाटले की अहो, मी आहे ना इथे, मखमल सोडा आणि मारा चौथा घाव! पण कुदळीला तोंड नसते. टोक असते, आणि तेही क्रोमचे.

दौलतराव जिंकले. मी कपाटात गेले. वाडीतल्या मुली पाइपांत तोंड घालून टेलिफोन-टेलिफोन खेळू लागल्या.

तिसरा घाव

१९९४ च्या हिवाळ्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली. दौलतरावांना तिकीट मिळाले. त्यांनी गुरुदत्तांना सांगितले, "आचारसंहिता लागायच्या आत करंजवाडी."

"साहेब, तिथे दोनदा झालंय. लोक हसतील."

"हसू देत. दोन्ही वेळा जिंकलोय ना?"

दोन टेम्पो भरून कार्यकर्ते आले. देवळापाशी तोच खड्डा पुन्हा उकरून वाळू भरली होती. दौलतरावांनी नारळ घेतला आणि दगडावर आपटला. नारळ फुटला नाही. पुन्हा आपटला. नारळ उसळून गुरुदत्तांच्या पायावर पडला. तिसऱ्यांदा दौलतरावांनी सगळा जोर लावला. दगडाचा कपचा उडाला, नारळ तसाच.

कुणी हसले नाही. दौलतरावांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांना एवढे घाबरलेले मी पाहिले नव्हते.

तेवढ्यात कौसाबाईच्या अंगात आले. कौसाबाई म्हणजे वाडीतली सर्वांत म्हातारी बाई. तिच्या अंगात देवी येते हे पंचक्रोशीला माहीत होते. तिने केस सोडले, घुमू लागली आणि दौलतरावांकडे बोट केले.

"एकाच जागी टोचतोस! सारखं एकाच जागी टोचतोस! माझं अंग दुखतंय रं!"

दौलतरावांनी हात जोडले. "आई, काय चुकलं?"

"अर्धी पूजा केलीस! इथनं टाकीपतूर माझी वाट हाय. सगली वाट पूज. जिथं कुदल थांबंल, तिथं तुझं नशीब थांबंल!"

अंजनी पुढे झाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "भाऊ, आईचं ऐकावं. दिवस मावलायच्या आत होईल."

दौलतरावांनी टाकीकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग वाळूचा खड्डा ओलांडून त्यांनी पलीकडच्या मुरमात घाव घातला.

चौथा घाव!

मित्रांनो, मला खडा लागला. खरा, टणक, माझ्या अंगात झिणझिण्या आणणारा खडा. काय सांगू तुम्हाला! क्रोमचा पहिला पापुद्रा उडाला. हासानंद शेठ, तुमचे शब्द खरे ठरले.

दौलतराव खणू लागले, म्हणून शेजारी उभे असलेले कार्यकर्तेही खणू लागले. साहेब घाम गाळत असताना कोण हात बांधून उभे राहील? आणि फोटोवाला अजून तिथेच होता. वाडीतल्या घराघरांतून कुदळी-फावडी बाहेर आली. वाडीची माणसे मागून माती ओढू लागली. ज्याला पुढच्या वर्षी पालिकेचे तिकीट हवे होते तो साहेबांच्या उजव्या बाजूला खणत होता, आणि ज्याला ते तिकीट त्याला मिळू द्यायचे नव्हते तो डाव्या बाजूला.

"अहो, खोल मारा की!" अंजनी म्हणत होती. "गुडघाभर पायजे. देवीला वरवरचं चालत नाय."

दौलतरावांच्या हाताला फोड आले. त्यांनी मला एका कार्यकर्त्याकडे दिले, त्याने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. मखमल फाटली. मुलामा सोलून पडत गेला. जितकी मी कुरूप होत गेले तितके माझे टोक आत जाऊ लागले.

यापुढचे घाव मोजलेले नाहीत

ऊन उतरले तेव्हा चर टेकाडापर्यंत पोहोचला होता. टाकीच्या अगदी अलीकडे एक खडक लागला. गुरुदत्त घड्याळ पाहत म्हणाले, "साहेब, एमआयडीसीच्या गेटवर सभा आहे. पाळी सुटायच्या आत पोहोचायला हवं."

दौलतराव म्हणाले, "चला. माझी कुदळ आणा."

एकाने मला त्यांच्या हातात दिले. मी मातीने माखलेली, काळी, उघडी. दौलतरावांनी मला फिरवून पाहिले.

"ही कुणाची? माझी कुठाय?"

"तीच ही, भाऊ," अंजनी म्हणाली.

"ताई, थट्टा नको. माझी चांदीसारखी आहे."

"सोललीय ती. धुतली का दिसंल."

"अहो, मला माझी कुदळ कळत नाही? दहा वर्षं माझ्या कपाटात आहे!" त्यांचा आवाज चढला. "बदललीत! गर्दीत बदललीत. हिचा गुण गावभर माहीत आहे, कुणीतरी डाव साधला. शोधा रे!"

कार्यकर्ते घराघरांत शिरले. चुलीमागे पाहिले, गोठ्यात पाहिले, कौसाबाईच्या अंथरुणाखाली पाहिले. त्यांनी टाकून दिलेली मी त्यांच्याच पायाशी पडले होते. मी इथे आहे, इथे! दहा वर्षे हा माणूस मला टाळ्यांच्या आवाजात उचलत होता. माझ्यात तो रोज आपला भांग पाहत असे. चमक गेली आणि त्याला माझी ओळखच पटेना. मला रडू येत नव्हते, मित्रांनो. संताप येत होता. कपाळ बडवून घ्यायला मला हात हवे होते.

दौलतराव जीपमध्ये बसताना ओरडले, "कुदळ परत येईपर्यंत पाइपाला हात लावायचा नाही! लावाल तर टाकीची चावी बंद!"

जीप गेली. टेम्पो गेले. वाडीची माणसे चराच्या काठावर उभी राहिली. पुन्हा धीर धरायची वेळ आली, असे त्यांच्या तोंडांवर दिसत होते. कुणीतरी म्हणाले, "कुदल देऊन टाकू या. पुसून देऊ."

"ती घेनार नाय ते," रघू म्हणाला. "त्यांना ती नकोच हाय. चमक पायजे."

अंजनीने मला उचलले, पदराने माझा दांडा पुसला आणि चरात उतरून खडकावर घाव घातला. एक. दोन. तीन. मी सवयीने टाळ्यांची वाट पाहिली. कुणी टाळी वाजवली नाही. तिने पुढचा घाव घातला. मग रघू तिच्याशेजारी उतरला, फडकी गुंडाळलेल्या हातांनी. मग बाकीचे उतरले. अंधार पडायच्या आत खडकाला खाच पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप चरात गेले. मुलींचा टेलिफोन बंद झाला. टाकीची चावी पंचायतीच्या माणसाकडे असे. त्याला दमदाटीचा निरोप पोहोचला होता, तरी तो आला. अंजनीने त्याला विचारले, "वरनं सांगितलंय ना बंद ठेव म्हनून?"

"सांगितलंय," तो म्हणाला. "पण चर दौलतभाऊंनी स्वतः खणलाय, पेपरात फोटो आलाय. आता पाणी सोडलं नाही तर त्यांचीच बदनामी." आणि त्याने चावी फिरवली.

आधी हवा आली, मग गढूळ पाणी आले, मग स्वच्छ आले. बायका हंडे घेऊन पुढे धावल्या. अंजनीने त्यांना हाताने थांबवले. "आधी रघूचे हात." कुणी भांडले नाही. रघू नळाखाली हात धरून उभा राहिला. हातांवरून जांभळे पाणी वाहत होते, बराच वेळ वाहत होते. तो नुसता बघत होता.

कौसाबाई जवळ बसली होती. अंजनीने तिला हळूच विचारले, "मावशी, काल खरंच देवी आली होती?"

"देवी कदी खोटं बोलत नाय," कौसाबाई म्हणाली. "मी बोलते कदी कदी."

दौलतरावांनी कॅम्प चारमधून नवी चकचकीत कुदळ करून घेतली. तरी ते हरले. वाडीने कुदळ चोरली म्हणून हरलो, असे ते अजून सांगतात. १९९७ साली ते पुन्हा मते मागायला वाडीत आले. उन्हाचे आले होते. नळाला ओंजळ लावून पोटभर पाणी प्यायले. मी भिंतीला टेकून उभी होते.

"छान आहे कुदळ," ते म्हणाले. "कुणाची?"

"माझी," अंजनी म्हणाली.

"एखाद्या भूमिपूजनाला द्याल का?"

"नाय, भाऊ. ती कामावर जाते."

मित्रांनो, माझे आता वय झाले आहे. टोक बोथट झाले आहे, पाते झिजले आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही, झिजणे हे कुदळीचे आयुष्यच आहे. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरी कुदळ, कोयता, पाटा, शिलाई यंत्र काहीही असेल, तर त्याला धुवा, पुसा, वर्षातून एक दिवस हळदकुंकू लावा. पण दुसऱ्या दिवशी कामाला न्या. कपाटात ठेवून त्याची काळजी घेतली असे समजू नका. आणि उद्या कुणी तुमच्या गल्लीत तीन घाव मारून टाळ्या घेऊ लागला, तर तुम्ही टाळ्या वाजवू नका. चौथा घाव कोण मारणार, तेवढे विचारा. त्याने उत्तर दिले नाही तर घरातली कुदळ आणा. वाट पाहू नका. फार वाट पाहून झाली आहे.

आणि हो, एक तुकडा सांगायचा राहिलाच. १९८३ च्या मे महिन्यात वाडीची जुनी विहीर आटली, तेव्हा कुणी न बोलावता आत उतरून गाळ खणणारा पहिला माणूस दौलतराव होते, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात मी होते.